घरच्या मैदानावरचा शेवटचा रविवार

चर्चमधून आल्या आल्या डोलोरेसनं कोटही न काढता सॉसेज कापायला घेतले. मॅच एक वाजता होती आणि तिच्या वडिलांना स्टेडियममधलं खाणं चालत नसे. चाळीस वर्षं तिथंच मैदान राखायची नोकरी केल्यामुळे ते कसं बनतं हे त्यांना ठाऊक होतं. तिची भावजय पॉला मागोमाग आत आली. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच म्हणाली,

"ग्लेननं सही केली."

डोलोरेसची सुरी थांबली. "कशावर?"

"बाल्टिमोरच्या कागदावर. गुरुवारीच केली. फेब्रुवारीत टीमचं सामान हलणार, त्याच्याबरोबर हाही जाणार."

ग्लेन हा डोलोरेसचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षं तो ब्राउन्सचं, म्हणजे गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमचं, सामान सांभाळत होता. हेल्मेटं, खांद्यांची कवचं, बूट, धुलाई, सगळं त्याच्याकडे. नोव्हेंबरात मालकानं टीम क्लीव्हलँडहून उचलून बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून या घरात तो विषय कुणी काढला नव्हता. ग्लेन राहणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ड्रोबनींच्या घरातली माणसं राहतात, अशी साऱ्या गल्लीत ख्याती होती.

"आणि डॅडना सांगणार कोण?"

पॉलानं तिच्याकडेच बघितलं.

"मी. छान. जाणार तो आणि सांगणार मी. त्यांच्या गोळ्या मी बघायच्या, दारातला बर्फ मी काढायचा, दवाखान्यात मी न्यायचं. ते मीच करते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण निदान स्वतःच्या तोंडानं तरी सांगायचं होतं त्यानं."

"डोलोरेस, मला जायचंच नाहीये."

टेबलापाशी तेता वेरोना बटाटे सोलत बसली होती. ही डोलोरेसच्या वडिलांची, आंद्रेय ड्रोबनींची, थोरली बहीण. मुलांची आत्या, स्लोव्हाकमध्ये तेता, आणि आता सगळं घरच तिला तेता म्हणे. तिनं मान वर केली.

"हे त्याला सांगितलंस?"

"त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुला बरं वाटेल ते कर." पॉला खिडकीबाहेर बघत होती. "वीस वर्षं मी त्या एका हॉस्पिटलात, लहान मुलांच्या वॉर्डात काढली. माझी आई इथं आहे. मला वाटलं, त्याला कळेल."

"पुरुषाला? न बोलता?" तेता म्हणाली. "तसं कळत असतं तर मला दोन लग्नं करावी लागली नसती."

पॉला हसली नाही. "डॅडनी एक शब्द टाकला तर तो थांबेल. त्यांचं तो ऐकतो. म्हणून म्हणते, तू सांग त्यांना."

डोलोरेसनं क्षणभर विचार केला. इतकी वर्षं पॉलाशी तिचं बेताचंच जमत आलं होतं. आज पहिल्यांदा दोघींना एकच गोष्ट हवी होती. "सांगते," ती म्हणाली. "मॅच संपायच्या आत सांगते."

"सांगू नकोस," तेता म्हणाली. "या घरात एकदा एकाला असंच थांबवायला गेले होते. तो पन्नास वर्षं परत आला नाही."

मिखलचं नाव तिनं घेतलं नाही, पण दोघींना कळलं. आंद्रेय आणि वेरोनाचा मोठा भाऊ. सेहेचाळीस साली क्लीव्हलँडची तेव्हाची टीम, रॅम्स, लॉस एंजेलिसला निघून गेली आणि मिखल तिच्या सामानासोबत गेला. त्यानंतर त्याचं नाव घरात कुणी काढलं नाही.

दार उघडलं. आंद्रेय तपकिरी टोपी घालून उभे होते.

"चला," ते म्हणाले. "गाडी लावायला जागा मिळणार नाही."

*

आंद्रेयांची जागा खांबामागे होती. ऐंशी हजारांच्या त्या स्टेडियमात शेकडो जागा खांबांमागे होत्या. लोक त्यावरून कुरकुर करत, पण आंद्रेयांनी निवृत्त झाल्यावर मुद्दाम तीच मागून घेतली होती. त्यांना खेळ बघायचा नसे, मैदान बघायचं असे. खांबाच्या डाव्या बाजूनं उत्तरेकडचा कोपरा दिसायचा. सरोवरावरचा वारा तिथून आत शिरतो आणि डिसेंबरात तिथलं गवत सगळ्यात आधी मरतं. आजही तिथं गवत नव्हतं. कुणीतरी मातीला हिरवा रंग मारला होता.

"रंग पातळ झालाय," ते म्हणाले.

"डॅड, शेवटची मॅच आहे," डोलोरेस म्हणाली. "आज तरी रंग राहू द्या."

स्टेडियम कुणाच्या तरी घरातली तसबीर उतरवल्यावर भिंत दिसते तसं दिसत होतं. जाहिरातींच्या पाट्या कोऱ्या होत्या. पूर्वेकडच्या बाकांवर कुत्र्यांचे मुखवटे घातलेली चाहत्यांची मंडळी नेहमीसारखी भुंकत होती, पण आज भुंकता भुंकता खाली वाकून काहीतरी करतही होती. चारांपैकी तिसरं सत्र अर्धं झालं तेव्हा पहिली करवत ऐकू आली. मग दुसरी. ब्राउन्स सिनसिनाटीवर आघाडी घेऊन होते आणि लोक बसायचे बाक कापत होते.

आंद्रेय ते बघत राहिले. बरोबर पन्नास वर्षं आणि एक दिवस झाला होता. पंचेचाळीसच्या डिसेंबरात, अजिंक्यपदाच्या मॅचआधी, मैदान गोठू नये म्हणून त्यांनी आणि मिखलनं इथं पेंढ्याचे भारे वाहिले होते. आंद्रेय एकोणीस वर्षांचे होते. लहानपणीच्या तापानं डावा कान गेलेला, म्हणून लष्करानं परत पाठवलेले. मिखल नौदलातून नुकताच घरी आलेला. त्या दिवशी थंडी इतकी की बँडवाल्यांची पितळी वाद्यं वाजेनात. खेळाडू पाय पेंढ्यात खुपसून बसले होते. रॅम्स एका गुणानं जिंकले. महिना उलटला नाही तोच बातमी आली की अजिंक्य टीम गाव सोडून चालली.

डोलोरेस उठून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली. चांगल्या कानाशी वाकली. आजूबाजूला इतका गोंगाट होता की तिला ओरडावंच लागलं.

"डॅड, ग्लेन चाललाय! बाल्टिमोरला! सही केलीय त्यानं!"

पुढच्या रांगेतल्या तीन माणसांनी मागं वळून पाहिलं. आंद्रेयांनी नाही. ते मैदानाकडेच बघत होते.

"गेला तर या घरात त्याचं नाव काढायचं नाही," ते म्हणाले.

ते हळू बोलले होते, तरी पलीकडे बसलेल्या वेरोनानं ओठांवरून ते वाक्य ओळखलं. ती उठली, डोलोरेसला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि भावाच्या कानाशी तोंड नेलं.

"हे वाक्य तुझं नाहीये, अँडी. आपल्या बापाचं आहे. शब्द न् शब्द. जेवणाच्या टेबलावर हात आपटून बोलला होता. तू फक्त आपटला नाहीस."

"तू गप बस, वेरोना."

"पन्नास वर्षं गप्पच बसले. तेव्हा मी पंचवीस वर्षांची घोडी होते, बोलायला हवं होतं. नाही बोलले. आता पंचाहत्तरीला बोलते, मग तू मला चर्चमध्ये शेजारी बसव नाहीतर बसवू नकोस."

पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसानं कुत्र्याचा मुखवटा कपाळावर सरकवला. रडून त्याचे डोळे लाल झाले होते. "आजोबा, तुमचा मुलगा त्यांच्याबरोबर जातोय?" त्यानं विचारलं.

"जातोय," डोलोरेस म्हणाली.

"मग त्याला म्हणावं, लाज वाटू दे."

आणि मग पॉला बोलली. सकाळपासून तिनं मोठ्यानं एक वाक्य उच्चारलं नव्हतं. "तुम्ही कोण सांगणार त्याला लाजेचं?" ती त्या माणसाला म्हणाली. "आठवडाभर तुमचा लाडका खेळाडू ज्या बुटात धावतो ना, त्यातला चिखल माझा नवरा दर रविवारी नखानं काढतो. तुम्ही बाक कापून घरी नेणार आणि लाज त्यानं बाळगायची?"

त्या माणसानं मुखवटा पुन्हा खाली ओढला.

डोलोरेस भावजयीकडे बघत राहिली. हिनं तर त्याला थांबवायला सांगितलं होतं.

आंद्रेय उभे राहिले. गुडघ्यांना थोडा वेळ दिला, खांबाला धरून जिन्याच्या बाजूला सरकले आणि कुणाला काही न सांगता खाली उतरू लागले. पॉला मागं जायला निघाली, पण तेतानं तिचा कोट धरला.

"जाऊ दे त्याला. खालचा रस्ता त्याच्या पायांना पाठ आहे."

*

मॅच संपल्याचं ग्लेनला वरच्या काँक्रीटवरून कळलं. जिंकल्यावर लोक जसे पाय आपटतात तसा हा आवाज नव्हता. हा तोडफोडीचा होता. शेवटच्या सत्रात पूर्वेकडून इतकं सामान मैदानात पडत होतं की पंचांनी दोन्ही टीम पश्चिमेकडेच खेळवल्या. खेळाडू आत आलेच नाहीत, मैदानातून थेट त्या बाकांकडे गेले आणि लोकांच्या गळ्यात पडले. मदतनीसही बघायला बाहेर धावले. सामानाच्या खोलीत ग्लेन एकटाच होता आणि समोर अर्ध्या टीमचे आदल्या सरावाचे बूट पडले होते.

वडील दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. गेला दीड महिना तो याच क्षणाची वाट पाहत होता.

"पहारेकऱ्यानं सोडलं?"

"त्याला नोकरीला मी लावला होता." आंद्रेयांनी एक उलटी बादली ओढली आणि बसले. "कळलंय मला."

"ओरडायचं असेल तर ओरडा. फक्त नंतर उजवा कान माझ्याकडे करा, म्हणजे माझंही थोडं ऐकू येईल."

आंद्रेयांनी बुटांच्या ढिगातून एक उचलला. कपाटावरून खरवडायची पट्टी घेतली आणि खिळ्यांमधला चिखल काढायला लागले. थोडा वेळ दोघंही तेच करत राहिले.

"हा कुणाचा?"

"तेहतीस नंबरचा. उजवा पाय अर्ध्या मापानं मोठा आहे, त्याच्या आईलासुद्धा माहीत नसेल. डॅड, मला त्रेपन्न माणसांचे पाय ठाऊक आहेत. कुणाच्या घोट्याला किती पट्टी लागते, कुणाला हेल्मेटची गादी ओली हवी असते. मी एकेचाळीस वर्षांचा आहे. दुसरं मला काय येतं?"

"इथं नवी टीम येईल. आपण कोर्टात गेलोय, शहर लढतंय."

"येईलही. कधी? तीन वर्षांनी, पाच वर्षांनी. तोवर मी काय सांभाळू? तुमच्यासाठी टीम म्हणजे हे मैदान. ते कुठं जात नाही. माझी टीम म्हणजे ती माणसं, आणि ती चाललीत."

आंद्रेयांनी बूट खाली ठेवला. ग्लेनला वाटलं, आता येतंय ते वाक्य. लहानपणापासून त्यानं ते ऐकलं होतं. सेहेचाळीस साली अँडी ड्रोबनीला कॅलिफोर्नियानं बोलावलं, पण तो आपल्या मैदानाशी इमान राखून राहिला. निवृत्तीच्या समारंभात महापौरानंही तेच सांगितलं होतं.

"मी निघालो होतो," आंद्रेय म्हणाले.

"कुठं?"

"मिखलबरोबर. त्यानं मला विचारलं, मी लगेच हो म्हटलं. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "संध्याकाळी वडील गिरणीतून आले. हात धुवत होते. त्यांची पाठ बघितली आणि माझी हिंमत गेली. मी म्हटलं, मिखल उद्या चाललाय आणि मला ओढून नेतोय."

वर कुठंतरी एक मोठी वस्तू कोसळली. ग्लेननं पट्टी बाजूला ठेवली.

"ओढून," आंद्रेय पुन्हा म्हणाले. "असं म्हटलं मी. त्यानं मला विचारलं होतं फक्त. वडिलांनी त्याला त्याच घटकेला बाहेर काढलं. फेब्रुवारी महिना. तो जिन्यावरून माझ्याकडे बघत होता आणि मी खोलीत जाऊन बसलो. त्यानंही सांगितलं नाही की हा खोटं बोलतोय. काहीच बोलला नाही. टोपी घातली आणि गेला."

"आईला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. मग सप्टेंबरात ब्राउन्स आले. पहिल्याच मॅचला साठ हजार लोक. सगळे म्हणायला लागले, अँडी शहाणा, अँडीला कळलं होतं. माणसाला शहाणं म्हटलेलं बरं वाटतं. चाळीस वर्षं मी ते गवत फार नीट राखलं, ग्लेन. त्यात खोटं नाही. पण राहिलो तो भीतीनं राहिलो."

ग्लेननं हातातला बूट उलटा करून पाहिला. या माणसाला कधी कशाची भीती वाटली असेल हेच त्याला नवं होतं.

"मग मी जाऊ?" शेवटी त्यानं विचारलं.

"मला कशाला विचारतोस? आमच्या घरात तेवढी एकच चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, जो तो बापालाच विचारतो. पॉलाला विचार."

"तिची हरकत नाही. म्हणाली, तुला बरं वाटेल ते कर."

आंद्रेयांनी मुलाकडे बघितलं. "तिला बाल्टिमोर नकोय. सकाळी ती स्वयंपाकघरात रडकुंडीला आली होती. तुम्ही लोक मला बहिरा समजता. माझा एक कान चालतो, आणि त्या दाराला फट आहे."

ग्लेन उठला. हातातला बूट कुठं ठेवावा हे त्याला काही क्षण सुचलं नाही. मग तो तसाच बूट घेऊन बाहेर गेला.

पॉला बोगद्याच्या तोंडाशीच उभी होती, शेजारी डोलोरेस. मागं मैदानात माणसं हिरव्या मातीचे गोळे पिशव्यांत भरत होती. आंद्रेय मागून हळूहळू आले तेव्हा नवरा-बायको भिंतीशी उभे राहून बोलत होते. म्हणजे बोलत पॉला होती. ग्लेन ऐकत होता. फार वेळ ऐकत होता. मध्येच तिनं त्याच्या हातातला बूट काढून घेतला आणि त्याच बुटानं त्याच्या छातीवर ठोकत राहिली, जोरात नाही.

"काय सांगितलंत त्याला?" डोलोरेसनं वडिलांना विचारलं. "थांबतोय का?"

"थांबवलं नाही मी."

"अस्सं." तिचा आवाज चिरला. "म्हणजे तो जाणार. मिखलकाका गेले, आता हा जाणार. आणि जे राहतात त्यांना तुम्ही कधी काही विचारलंत, डॅड? मला कुठं जायचंय का, हे एकदा तरी?"

"कुठं जायचंय तुला?"

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही, तर मी तरी कशाला विचार करू?"

"मग आता कर. बर्फ काढायला पलीकडचा पोलिश माणूस येईल. गोळ्या मला मोजता येतात." आंद्रेयांनी तिचा हात आपल्या कोपरात घेतला. "कर विचार. घाई नाही. पण मला काय वाटेल ते बघून करू नकोस."

*

संध्याकाळी शहराबाहेर पार्मातल्या घरी सगळेजण हालुश्की खायला बसले. बटाट्याचे गोळे, परतलेला कोबी, वर खरपूस कांदा. ग्लेन फेब्रुवारीत एकटा जाईल असं ठरलं होतं. पॉला उन्हाळ्यापर्यंत इथंच राहील. त्यानंतर एक वर्ष ती तिकडं राहून बघेल, आणि ते वर्ष संपल्यावर ग्लेननं तिला विचारायचं, नीट, बसून, आणि ती जे म्हणेल ते होईल. दोघांचे चेहरे आजारातून उठल्यासारखे होते. डोलोरेस फारसं बोलत नव्हती, पण पॉलाला तिनं न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

जेवता जेवता आंद्रेयांनी मिखलची गोष्ट सांगितली. सामानाच्या खोलीत सांगितली तशीच, काही न वगळता. संपल्यावर वेरोना म्हणाली,

"मला माहीत होतं."

आंद्रेयांनी काटा ठेवला.

"त्यानंच सांगितलं. एकोणीसशे बावन्न साली. आम्ही ईस्टरला आणि नाताळात फोनवर बोलतो. लॉस एंजेलिसजवळ बर्बँकला असतो. बायको वारली दोन वर्षांपूर्वी. एक मुलगी आहे, तिचं नाव त्यानं आपल्या आईचं ठेवलंय."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"तो म्हणायचा, अँडी स्वतः सांगेल तेव्हा. मी म्हटलं, तोवर आपण दोघं मरू." तिनं ताटातला कोबी एका बाजूला केला. "आणखी एक सांगते. रॅम्सनी यंदा तेही गाव सोडलं. सेंट लुईसला गेले. ज्या टीमपायी त्यानं घर सोडलं, ती त्यालाही तिथंच टाकून गेली."

आंद्रेयांना हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डोलोरेसनं वडिलांना आईच्या पश्चात असं हसताना पाहिलं नव्हतं. हसू संपलं तरी ते डोळे पुसत होते, आणि नंतर ते हसण्याचे अश्रू राहिले नाहीत हे सगळ्यांनाच दिसलं, पण कुणी तसं दाखवलं नाही.

"तिकडं किती वाजले असतील?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन," वेरोना म्हणाली. तिनं फोन नंबरांची वही उघडली नाही. उठून भिंतीवरच्या फोनपाशी गेली आणि नंबर पाठ असल्यासारखा फिरवला. "मिशो? मी वेरोना. नाही, नाताळ नाही, मला माहीत आहे. नाही, कुणी मेलं नाही. थांब."

तिनं फोन भावाच्या हातात दिला. आंद्रेयांनी तो उजव्या कानाला लावला. ग्लेननं उठून पलीकडच्या खोलीतला टीव्ही बंद केला.

"मी," आंद्रेय म्हणाले. "अँडी."

पलीकडून काय आलं ते कुणाला ऐकू गेलं नाही. आंद्रेयांचा मोकळा हात भिंतीवर टेकला होता. बराच वेळ ते नुसतेच ऐकत उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. मग, "हो. मीच." मग त्यांनी फोन छातीशी धरला, वळले आणि डोलोरेसकडे बघून म्हणाले, "पोरी, एक खुर्ची आण. वेळ लागेल."